तेरा फुटांचा वाद

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराच्या उत्तरेला मेसन नावाचं गाव आहे. तिथल्या किंग्ज आयलंड या थीम पार्कने ऑगस्ट 2019मध्ये 'ओरायन' या नव्या रोलर कोस्टरची घोषणा केली. उंची 287 फूट, पहिला उतार 300 फूट, वेग ताशी 91 मैल, लांबी 5,321 फूट. उद्घाटन पुढच्या वर्षी. कोस्टर अजून उभा राहिलेला नव्हता. पण ज्यांच्यासाठी ही घोषणा होती त्या कोस्टरप्रेमींमध्ये त्याच दिवशी जुंपली. भांडण होतं पहिल्या दोन आकड्यांचं.

कोस्टरच्या जगात 'गिगा' ही एक मानाची पदवी आहे. याच ओहायोत, सँडस्की गावच्या सीडर पॉइंट पार्कने सन 2000मध्ये 'मिलेनियम फोर्स' उभा केला. त्याची उंची 310 फूट. तीनशे फुटांची सीमा ओलांडणाऱ्या या पाळण्यासाठी पार्कने आणि तो बांधणाऱ्या इन्टामिन या स्विस कंपनीने 'गिगा' हा शब्द चालवला. ओरायनची घोषणा करताना किंग्ज आयलंडने मोठ्या अभिमानाने सांगितलं की, जगात असे फक्त सात कोस्टर असतील आणि त्यांतला एक आपला. सोबत व्याख्याही दिली : उंची किंवा उतार, दोहोंपैकी काहीही 300 ते 399 फुटांत बसलं की गिगा.

त्या 'किंवा'वर चाहते अडून बसले. टेकाड 287 फुटांचं आहे ना, मग तेरा फूट कमी पडतात. पहिला उतार एका खोलगट जागेत शिरतो म्हणून तीनशे भरतो. ही उंची पार्कने बांधलेली नाही, जमिनीने फुकट दिलेली आहे, असा एका बाजूचा युक्तिवाद. दुसरी बाजू म्हणे, गाडीत बसलेल्या माणसाला खांब किती उंच आहे याच्याशी काय करायचंय? तो पडतो किती ते बघा.

या भांडणातली गंमत त्याच पार्कच्या आवारात 1979पासून उभी आहे. 'द बीस्ट' हा लाकडी कोस्टर किंग्ज आयलंडचं कुलदैवत म्हणावं इतका जुना आणि लाडका. त्याची पहिली चढण 110 फुटांची, पण सर्वांत मोठा उतार 141 फुटांचा, कारण रूळ दऱ्याखोऱ्यांच्या अंगाने जंगलात उतरत जातो. जमिनीचा असा वापर केला म्हणून गेली चाळीसहून अधिक वर्षं बीस्टचं कौतुक होत आलंय. जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर हा मानही 7,361 फुटांच्या बीस्टकडेच आहे. ज्या गुणासाठी बीस्टला डोक्यावर घेतलं, त्याच गुणासाठी ओरायनला मात्र पंक्तीतून उठवायचं, हा न्याय काही पटणारा नाही.

शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही हा वाद मिटला असता. चढणीवरून सुटलेल्या गाडीला इंजिन नसतं. तिचा वेग ठरतो तो ती किती खाली येते यावर. 300 फूट म्हणजे सुमारे 91.4 मीटर. घर्षण आणि हवेचा विरोध बाजूला ठेवला तर एवढ्या उतारानंतर वेग ताशी साधारण 152 किलोमीटर होतो. 287 फुटांचाच उतार असता तर 149 झाला असता. ज्या तेरा फुटांसाठी मैत्र्या तुटायची वेळ आली, त्यांची किंमत ताशी तीन किलोमीटर! 85 अंशांच्या कड्यावरून कोसळताना हा फरक ओळखणारा महात्मा अजून जन्माला यायचा आहे.

तरीही चाहत्यांना हसून मोकळं होणं बरोबर नाही. आकड्यांची ही भक्ती त्यांना लावली कोणी? 1989मध्ये सीडर पॉइंटने 'मॅग्नम एक्सएल-200' दोनशे फुटांपलीकडे नेला आणि ते 200 थेट नावातच घातलं. मग 2000मध्ये मिलेनियम फोर्स. 2003मध्ये त्याच पार्कात 420 फुटांचा 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' आणि 2005मध्ये न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये 456 फुटांचा 'किंगडा का'. दर काही वर्षांनी 'जगातला सर्वांत उंच' ही पाटी एका पार्कातून दुसऱ्या पार्कात गेली आणि प्रत्येक जाहिरात त्या पाटीवर लिहिली गेली. पार्कांनीच फूटपट्टी हातात दिली. आता चाहते ती घेऊन दारात उभे राहिले की पार्कवाले म्हणतात, अहो, अनुभव बघा, आकडे काय बघता!

आकडे मिरवण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. थराराची घोषणा करता येत नाही. पोटात जो खड्डा पडतो तो पत्रकात छापता येत नाही. उंची, वेग, लांबी छापता येते. म्हणून पार्क तेवढंच सांगतं आणि बाकीचं चाहते स्वतः शोधून काढतात. किंबहुना घोषणा होईपर्यंत त्यांच्यासाठी बातमी शिळी झालेली असते. किंग्ज आयलंडने 2018च्या हंगामाअखेर 'फायरहॉक' हा कोस्टर कायमचा बंद केला, तेव्हाच रिकाम्या झालेल्या जागेचे अर्थ लावणं सुरू झालं. बांधकाम परवानगीसाठी नगरपालिकेत दाखल होणारे नकाशे ही सार्वजनिक कागदपत्रं असतात. घोषणेच्या आधीच त्यांतून आराखडा बाहेर आला. ओरायन बनवणाऱ्या बोलिगर अँड माबियार या कंपनीचं ठाणं स्वित्झर्लंडमधल्या माँते गावात असलं, तरी तिचे रूळ ओहायोतल्याच बटेव्हिया गावच्या क्लेरमाँट स्टील या कारखान्यात तयार होतात. त्या कारखान्याच्या आवारात कोणत्या रंगाचे, कशा वळणाचे तुकडे रचून ठेवलेत यावर कोस्टरप्रेमींचा बारा महिने डोळा असतो. तुकड्याचा बाक पाहून हे वळण आहे की टेकाड, हे सांगणारी मंडळी त्यांत आहेत.

इंग्लंडमध्येही हेच चालतं. थॉर्प पार्कचा 'हायपेरिया' 2024मध्ये सुरू झाला, पण त्याआधीच नियोजन परवान्याच्या कागदांतून 'प्रोजेक्ट एक्झोडस' या तात्पुरत्या नावाने तो चाहत्यांना पाठ झाला होता. ऑल्टन टॉवर्समध्ये तर झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये असं बंधन. म्हणून 1994 साली 'नेमेसिस' बांधताना खडक फोडून खड्डा केला आणि कोस्टर त्यात उतरवला. उंचीच्या नावाने शून्य असलेला हा पाळणा इंग्लिश कोस्टरप्रेमींच्या यादीत आजही अग्रस्थानी असतो. नोव्हेंबर 2022मध्ये तो बंद करून जुने रूळ बदलले आणि मार्च 2024मध्ये पुन्हा सुरू केला, तेव्हा चाहत्यांची एकच विनवणी होती : वळणं होती तशीच ठेवा.

ओरायनबद्दलची दुसरी तक्रारही अशीच, उंचीची नव्हे तर रुळाच्या रचनेची होती आणि ती जास्त गंभीर होती. कोस्टर लवकर संपतो. तुलनेला नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरच्या कॅरोविंड्समधला 'फ्युरी 325' होता : त्याच कंपनीचा, 2015चा, 325 फूट उंच आणि 6,602 फूट लांब. म्हणजे ओरायनला जवळजवळ चारशे मीटर रूळ कमी. एवढा वेग कमवायचा आणि तो खर्च करायला पुरेशी टेकाडंच ठेवायची नाहीत, याला काय म्हणावं?

इथे 'एअरटाइम' समजून घ्यायला हवा, कारण सगळा जीव त्यात आहे. गाडी टेकाडाच्या माथ्यावर येते तेव्हा तिला आपल्या वेगाने पुढे झेपावायचं असतं. रूळ मात्र खाली वळतो. रुळाचा बाक गुरुत्वाकर्षणाच्या मानाने जरा जास्त असेल तर शरीर आसनावरून उचललं जातं आणि मांडीवरचा दांडा आपल्याला धरून ठेवतो. हे उचलणं अलगद, लांबलेलं असेल तर चाहते त्याला 'फ्लोटर' म्हणतात. खेचून बाहेर फेकल्यासारखं असेल तर 'इजेक्टर'. गायकीतल्या घराण्यांसारखी कंपन्यांची ओळख यावरून पटते : बोलिगर-माबियारची चाल संथ, तरंगती, इन्टामिन आणि आयडाहोच्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शनची चाल झटक्याची. नकाशा हाती आला की जाणकार टेकाडांचे माथे मोजतात आणि प्रत्येक माथ्यावर काय होईल ते सांगतात. 'नो लिमिट्स' नावाच्या संगणक प्रणालीवर अख्खा कोस्टर रचून त्यावर आभासी फेरीही मारतात. न बसताच मत देतात, हा त्यांच्यावरचा आरोप म्हणून अर्धाच खरा आहे.

अर्थात अंदाज फसतातही, आणि फसवलेही जातात. 2017च्या 'मिस्टिक टिंबर्स' या लाकडी कोस्टरच्या वेळी किंग्ज आयलंडने महिनोन् महिने एकच प्रश्न हवेत ठेवला : शेवटच्या त्या शेडमध्ये आहे तरी काय? तर्कांचे डोंगर रचले गेले. प्रत्यक्षात शेडने पुष्कळांची निराशा केली. कोस्टरला मात्र 'गोल्डन तिकीट' पुरस्कारांत त्या वर्षीच्या सर्वोत्तम नव्या राइडचा मान मिळाला. ज्याची जाहिरात केली ते पडलं आणि ज्याची केली नाही ते गाजलं.

घोषणा फुकाची ठरते तेव्हा मात्र चाहत्यांना हसण्याचं भान राहत नाही. 2021मध्ये टॉप थ्रिल ड्रॅगस्टरवरून धातूचा तुकडा निसटून रांगेतली एक महिला गंभीर जखमी झाली. कोस्टर बंद पडला. 2023मध्ये तो 'टॉप थ्रिल 2' म्हणून नव्या रूपात येणार असं जाहीर झालं, आनंदीआनंद झाला, मे 2024मध्ये तो सुरू झाला आणि जेमतेम आठवडाभराने त्या हंगामापुरता थांबला. पुन्हा धावायला 2025 उजाडलं. किंगडा काच्या बाबतीत उलटं घडलं. नोव्हेंबर 2024मध्ये पार्कने तो निवृत्त झाल्याचं जाहीर केलं, ते त्याची शेवटची फेरी होऊन गेल्यावर. वीस वर्षं प्रेम केलेल्यांना निरोपाची एक फेरीही मिळाली नाही. त्याच पत्रकात नव्या विक्रमी कोस्टरचं आश्वासन होतं. त्या दिवशी ते आश्वासन जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटलं यात नवल नाही. 28 फेब्रुवारी 2025 रोजी सुरुंग लावून तो मनोरा पाडला.

या सगळ्या बघेपणाला खूळ म्हणणाऱ्यांनी फ्युरी 325ची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 30 जून 2023 रोजी एका पाहुण्याला त्याच्या एका खांबाला आडवा तडा दिसला. गाडी वरून गेली की खांब त्या तड्यापाशी सरकत होता. त्याने चित्रण करून ते पुढे पोचवलं, कोस्टर बंद झाला, खांब बदलला आणि ऑगस्टमध्ये तो पुन्हा सुरू झाला. रोजची तपासणी करणाऱ्या यंत्रणेच्या आधी तडा दिसला तो पाळण्याकडे टक लावून बघणाऱ्या एका माणसाला.

आपल्याकडे अशी नजर असलेले लोक थोडे असले, तरी ज्यावर ती रोखावी असं यंत्र मात्र आहे. खोपोलीच्या इमॅजिकातला 'नायट्रो' 2013मध्ये सुरू झाला, तो माँतेच्याच बोलिगर-माबियारचा. पायाखाली फळी नाही, पाच वेळा उलटं होणं. मुंबई-पुण्याहून दिवसभराच्या सहलीला जाणाऱ्या बहुतेकांना कंपनीचं नाव ठाऊक नसतं. ओहायोतल्या चाहत्याला नायट्रोचं छायाचित्र दाखवलं तर रुळाच्या चौकोनी कण्यावरून तो घराणं सांगेल. आपली पार्कं नव्या पाळण्याची जाहिरात करताना निर्मात्याचं नाव, उंची आणि उतार हे वेगवेगळे छापतील तर बरं. विचारणारे आपोआप तयार होतील.

ओरायन 2 जुलै 2020 रोजी, महामारीच्या त्या विचित्र उन्हाळ्यात, तोंडावर मास्क बांधलेल्या प्रवाशांना घेऊन सुटला. गिगा की नाही हा वाद आजही अधूनमधून उकरला जातो. निकाल द्यायचाच तर तेरा फुटांचा वाद पार्कने जिंकला आणि लांबीचा चाहत्यांनी. किंग्ज आयलंडने त्याच पैशात आणखी दोन टेकाडं बांधली असती आणि उंची 250 फुटांवर थांबवली असती, तर कोस्टर जास्त चांगला झाला असता. फक्त तो गिगा म्हणून जाहीर करता आला नसता.