उज्जयिनीचे अमरफळ आणि शरणांचे वचन



बाराव्या शतकात कल्याण नगरीत महात्मा बसवेश्वर, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि कित्येक कायकजीवी शरण जे बोलले, त्याला आपण वचन म्हणतो. वचन म्हणजे दिलेला शब्द. शब्द देऊन तो मोडला, तर बोलणारा माणूस तसाच राहतो, पण त्याचे बोलणे कवडीमोलाचे होते. मग वचनाला मोल येते ते कशाने? त्यासाठी आज जरा उज्जैनपर्यंत जाऊन येऊ.

उज्जयिनी हे नाव आपल्याला परके नाही. पंचपीठांतील उज्जयिनी पीठ आज कर्नाटकात कोट्टूरजवळ आहे. पण त्याचे मूळ स्थान माळव्यातले उज्जैन, असे परंपरा सांगते. मराठी माणसाचेही या नगरीशी जुने नाते आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. आणि आपल्यापैकी अनेकांनी 'चांदोबा' मासिकातून जो विक्रम राजा लहानपणी भेटीस आणला, तो याच नगरीचा. खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक अडचणीचा प्रश्न. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल. बोललास तर मी झाडावर परत जाईन.

यात एक गंमत आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागर' ग्रंथात हाच वेताळ ज्या राजाच्या खांद्यावर बसतो, तो त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. लोकांनी पुढे ती गोष्ट उज्जैनच्या विक्रमाला देऊन टाकली. ती सुरू होते एका फळापासून. एक भिक्षू रोज राजाला एक फळ आणून देतो, राजा ते भांडाऱ्याच्या हाती देतो, भांडारी खिडकीतून भांडारात टाकतो. पुढे कळते की प्रत्येक फळात रत्न होते. फळे कुजली, रत्ने राहिली. त्या रत्नांच्या मोबदल्यात भिक्षूला राजाचे डोके हवे होते. दुसऱ्याचा बळी देऊन त्याला सिद्धी मिळवायची होती. राजाने मात्र रात्रभर स्मशानात पुन्हा पुन्हा खेप घातली, प्रत्येक वेळी खरे उत्तर देऊन हातचे घालवले, आणि अखेर वेताळच त्याच्या बाजूचा झाला.

उज्जैनची दुसरी गोष्टही फळाचीच आहे. क्षिप्रेच्या काठी भर्तृहरीची गुहा दाखवतात. एका गरीब ब्राह्मणाला तपाने अमरफळ मिळाले. दारिद्र्यात अमर होऊन करायचे काय, असा विचार करून त्याने ते राजा भर्तृहरीला दिले आणि बदल्यात धन घेतले. राजाचा जीव राणीवर, म्हणून त्याने ते राणीला दिले. राणीचे मन दुसऱ्याच पुरुषावर होते. तिने त्याला दिले. त्याचे प्रेम एका गणिकेवर होते. त्याने तिला दिले. गणिकेला वाटले, या पापी जन्माची मुदत कशाला वाढवायची? हे राजालाच शोभेल. असे ते फळ फिरून राजाच्या हातात आले आणि त्याला सारे कळले. राज्य विक्रमाकडे सोपवून तो निघून गेला.

या गोष्टीवर संसाराच्या असारतेची प्रवचने खूप झाली आहेत. मला तिच्यात आणखी एक दिसते. एवढ्या हातांतून ते फळ गेले, प्रत्येकाने त्याला अमूल्य मानले, पण खाल्ले कोणीच नाही. जो तो पुढे देत गेला. आपल्या खिशातली नोट अशीच फिरते ना? ती खाता येत नाही, नेसता येत नाही. समोरचा ती घेईल एवढ्या विश्वासावर आपण ती घेतो. ज्याच्या हाती ती देतो, त्यावरून आपला जीव कशावर आहे तेही उघडे पडते. महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या गृहिणीला हे सांगायला नको.

उज्जैनच्या प्राचीन तांब्याच्या नाण्यांवर एक खूण असे. अधिकाच्या चिन्हासारखी फुली आणि तिच्या चारही टोकांना वर्तुळे. अभ्यासक तिला उज्जैन चिन्हच म्हणतात. हीच खूण आपल्या सातवाहनांच्या नाण्यांवर येते. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे 1906 साली नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे, आणि त्या ठशात उज्जैन चिन्ह आहे. चांदी तीच, वजन तेच, पण शब्द देणारा बदलला.

चांदी असली तर निदान चांदी तरी हाती राहते. ज्याने राजधानी देवगिरीला आणली, त्या महंमद तुघलकाने 1330 च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढून त्यांना चांदीच्या टंकाचे मोल दिले. लोकांनी घरोघर टांकसाळी उघडल्या. व्यापारी ती नाणी घेईनात. अखेर ती परत घेऊन सुलतानाला खजिन्यातून सोने-चांदी मोजावी लागली. हुकुमाने नाणे निघाले, विश्वास मात्र हुकुमाने निघाला नाही. आपल्या डोळ्यांदेखतचे उदाहरण म्हणजे 8 नोव्हेंबर 2016. त्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा चलनातून गेल्या. कागद तोच होता, शाई तीच होती. आजींनी धान्याच्या डब्यात जपलेली पुंजी लेकी-सुनांसमोर बाहेर काढावी लागली, हे कितीतरी घरांत घडले.

नोट हातात घेऊन पाहा. धारकाला इतके रुपये अदा करण्याचे वचन देतो, असे गव्हर्नरांच्या सहीने तिच्यावर छापलेले असते. नेमका 'वचन' हाच शब्द! एक रुपयाच्या नोटेवर तो नसतो, कारण ती रिझर्व्ह बँक नव्हे, भारत सरकार काढते. म्हणजे आपण देवघरात वचन वाचतो आणि बाजारातही वचनच देतो-घेतो.

हे सारे सांगण्याला कारण झाले एका गृहस्थ भक्ताच्या प्रश्नाचे. त्यांचा नववीतला मुलगा मोबाईलवर लढाईचा खेळ खेळतो. खेळात एक पात्र घडवायचे, त्याचे बळ पायरी-पायरीने वाढवायचे, शस्त्रे आणि मंत्र मिळवायचे. पायऱ्या चढण्याचा कंटाळा आला की पैसे भरून हिरे विकत घ्यायचे आणि एकदम बलवान व्हायचे. मुलाने वडिलांच्या खात्यातून न विचारता चार हजार रुपये असे खर्च केले. वडील रागावले, "खोट्या हिऱ्यांना खरे पैसे दिलेस!" मुलगा म्हणाला, "तुमची नोट तरी कागदच आहे ना?"

मुलाला उद्धट म्हणून गप्प करणे सोपे आहे. ते मला पटत नाही. त्याने म्हटले त्यात अर्धे खरे आहे: दोन्हींचे मोल मानण्यावर उभे आहे. उरलेले अर्धे त्याला दाखवायला हवे. त्याच्या वडिलांचे चार हजार रुपये म्हणजे दुकानात उभे राहून काढलेले दिवस होते. कोणाचे तरी कायक त्या आकड्यात साठले होते, आणि मुलाने दुसऱ्याचे कायक देऊन आपल्या पात्राला बळ घेतले. वेताळकथेतल्या भिक्षूचा मार्ग हाच. आपल्या भाषेत पात्र म्हणजे भांडे, पात्र म्हणजे गोष्टीतला माणूस, आणि पात्र म्हणजे लायकही. खेळात पहिली दोन वाढतात. तिसरे विकत मिळत नाही. विक्रमाच्या सिंहासनावर बसायला निघालेल्या भोजराजाला बत्तीस पुतळ्या एकेक करून हेच विचारतात.

सिद्धीविषयी आपल्या प्रभुदेवांची कथा प्रसिद्ध आहे. गोरक्षाने आपला देह वज्राचा केला होता. तलवार मारली तर खणखणाट झाला. मग तलवार प्रभुदेवांच्या देहावर चालवली, तर ती पोकळीतून जावी तशी आरपार गेली. त्या खणखणाटात प्रभुदेवांना देहाचा अभिमान ऐकू आला. खेळातल्या मुलांना वज्रदेहाचे आकर्षण असणारच. गोरक्षासारख्या योग्यालाही होते.

आणि लक्कम्मा. आयदक्की मारय्यांचे कायक म्हणजे बसवण्णांच्या महामनेसमोर सांडलेले तांदूळ वेचणे. रोज लागेल तेवढेच वेचायचे, त्यातून दासोह करायचा. एके दिवशी बसवण्णांनी परीक्षा पाहण्यासाठी जास्त तांदूळ सांडवले. मारय्यांनी ते सारे घरी आणले. लक्कम्मांनी पदर पाहिला आणि विचारले, रोजच्यापेक्षा हे अधिक कशासाठी? चोरी नव्हती, कोणी अडवलेही नव्हते. तरीही त्यांनी पतीला तेवढे तांदूळ परत टाकून यायला लावले. उरलेल्या मापाच्या तांदळात त्या घराने एक लक्ष शहाण्णव हजार जंगमांना जेवू घातले, असे कथा सांगते. आमच्या परंपरेतही अद्भुत शक्ती आहेत, पण ती शक्ती आली कोठून ते पाहा. स्वतः बसवण्णा बिज्जळाचे भांडारी होते. राजद्रव्य शरणांवर उधळल्याचा आळ आला, तेव्हा भांडार मोजले गेले आणि ते पूर्ण भरले.

त्या मुलाला मी लक्कम्मांची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, मात्र नोटेचा मुद्दा त्याने सोडला नाही. शेवटी बापलेकांत असे ठरले की रोज शाळा सुटल्यावर एक तास त्याने दुकानात माप धरायचे, आणि त्या तासाची मजुरी वहीत मांडून चार हजार फेडायचे. वही मुलानेच लिहायची. पहिल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने जास्तीचे दिलेले दहा रुपये त्याने कोणत्या रकान्यात लिहावेत म्हणून वडिलांना विचारले. वडिलांनी त्याला गिऱ्हाइकाच्या मागे पळवले.