जखमेचे सौंदर्य

दिल्लीच्या दक्षिण सीमेवर, अतिप्राचीन अरवली डोंगररांगेत असोला-भाटी अभयारण्य आहे. एकीकडे काटेरी झुडपांचा रखरखीत खडकाळ माळ, तर दुसरीकडे खोल खड्ड्यांत साठलेले निळे तलाव. राजधानीची घरे बांधण्यासाठी बदरपूर वाळू उपसली गेली, त्या खाणींचेच हे तलाव होत. १९९१ साली भाटीचा हा खाणप्रदेश अभयारण्यात समाविष्ट झाला. आज तेथे पाखरे उतरतात.

जखम सुंदर दिसू लागली, म्हणून घाव घालणारा निर्दोष ठरतो काय? खचितच नाही. सृष्टीची सहनशीलता ही कृपा आहे आणि कृपेला परवाना मानणे हेच पाप. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्यावर बागेच्या मशागतीबरोबर तिची राखणही सोपविली आहे. आपण घरे बांधली. राखणीचे ऋण मात्र अद्याप फिटलेले नाही.