फिटणारे कर्ज

धातूची परीक्षा अग्नीत होते, असे आपण पूर्वापार म्हणत आलो आहोत. तापवून जे टिकले ते खरे. माणसालाही आपण बहुधा हाच निकष लावतो. परंतु एखादी वस्तू किती सोसते एवढ्यावरच तिचे मोल ठरवावे, की सोसून झाल्यावर ती मागे काय ठेवते हेही पाहावे? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. पण गेली काही दशके तो धातुशास्त्रज्ञांच्या पुढ्यात येऊन बसला आहे.

सूर्याच्या गर्भात हायड्रोजनच्या संमीलनातून जी ऊर्जा निघते, तशी ऊर्जा पृथ्वीवर निर्माण करण्यासाठी फ्रान्समध्ये कादाराश येथे ‘ईटर’ ही प्रायोगिक भट्टी उभी राहत आहे. २००५ साली भारतही त्या प्रकल्पात सामील झाला. तिच्यातील वायू सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आहे. चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतीपासून दूर राखते. पण न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. चुंबकाला तो जुमानत नाही. आजच्या अणुभट्टीत नव्याने सुटणाऱ्या न्यूट्रॉनच्या सुमारे सातपट ऊर्जा घेऊन तो भिंतीत घुसतो. पोलादातील अणू जागचे हलतात, आत हेलियमचे सूक्ष्म बुडबुडे साठतात आणि धातू ठिसूळ होतो. शिवाय पोलाद स्वतःच किरणोत्सारी बनते.

उष्णता सोसण्यासाठी पोलादात मॉलिब्डेनम, नायोबियम घालण्याची रीत जुनी व यशस्वी आहे. पण न्यूट्रॉनच्या माऱ्याने नायोबियमचे जे किरणोत्सारी रूप तयार होते, त्याचे अर्धायुष्य सुमारे २०,००० वर्षे! म्हणून शास्त्रज्ञांनी नवे पोलाद घडवले. मॉलिब्डेनमऐवजी टंगस्टन, नायोबियमऐवजी टँटलम. युरोप व जपानप्रमाणे भारतानेही ते केले. कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि हैदराबादची ‘मिधानी’ यांनी मिळून. नुसते नायोबियम न घालून भागत नाही. कच्च्या मालातून दहा लाखांत काही मोजके भाग शिरले तरी नडतात. या पोलादाची किरणोत्सारिता साधारण १०० वर्षांत हाताळण्याजोगी व्हावी, असे उद्दिष्ट आहे. मात्र साधारण ५५० अंशांपुढे त्याची ताकद उतरू लागते. भट्टी अधिक तापवली तर वीज अधिक मिळते. म्हणजे त्यापुढचा लाभ मिळवायचा तर आणखी नवा धातू शोधायला हवा.

येथे व्यवहारी माणूस विचारील, ‘संमीलनाची एक युनिट वीजही अजून कोणाच्या घरी आलेली नाही, आणि तुम्ही शंभर वर्षांनंतरच्या कचऱ्याची काळजी वाहता? पुढचे लोक आपल्याहून हुशार असतील, ते पाहून घेतील.’ युक्तिवाद टाकाऊ नाही. पण नातू कर्तबगार निघेल या भरवशावर त्याच्या नावे कर्ज काढावे काय? हान्स योनास या जर्मन तत्त्ववेत्त्याने १९७९ साली हेच बजावले होते, की यंत्रविद्येचा हात जितका लांब, तितकी जबाबदारीही लांब. ज्यांच्या नावे आपण कर्ज काढतो, ते अजून जन्मलेले नाहीत. त्यांना ना तक्रार करता येते, ना आभार मानता येतात.

तरी एक खरे, की नवे पोलादही निष्कलंक नाही. कर्ज येथेही आहेच. फरक मुदतीचा आहे. शंभर वर्षे म्हणजे पणजोबांपासून आपल्यापर्यंतचे अंतर. घरातल्या माणसांनी एकमेकांना सांगत नेलेली गोष्ट तेवढा काळ टिकते. वीस हजार वर्षांचे काय? श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला मराठी लेख नऊशे-हजार वर्षांचा. तेवढ्यात त्यातले क्रियापद आपल्या तोंडून गेले. मग वीस हजार वर्षांनंतरच्या माणसाला ‘येथे हात लावू नकोस’ हे कोणत्या भाषेत लिहून ठेवणार?

म्हणून मला वाटते, काहीच ओझे मागे ठेवू नये हा आदर्श माणसाला झेपणारा नाही. शेत, घर, विहीर, काहीही उभारले की पुढच्यांच्या माथी काही ना काही येतेच. आपल्या हाती एवढेच आहे, की ते कर्ज फिटणारे असावे आणि ते कशापायी काढले हे सांगणारे कोणी तरी तोवर घरात असावे. त्यासाठी थोडी कमी उष्णता पत्करावी लागली, तर तो तोटा आपण आपल्याच खात्यावर मांडावा.