स्वतःचं दार, स्वतःचा रस्ता

२६ नोव्हेंबर १९६२च्या संध्याकाळी मीस बाउमन ही निवेदिका नेदरलँड्सच्या दूरचित्रवाणीवर उभी राहिली, ती दुसऱ्या दिवसापर्यंत. २३ तासांच्या त्या कार्यक्रमाची मागणी होती १ कोटी २० लाख गिल्डर. आर्न्हेमला तीव्र अपंगत्व असलेल्या माणसांसाठी गाव वसवायचं होतं. लोक काडेपेट्यांत पैसे भरून घेऊन आले आणि रक्कम जमली.

‘हेट डोर्प’ नावाच्या या गावामागे पुनर्वसनाचे डॉक्टर आरी क्लापवाइक होते. लुळ्या पडलेल्या तरुणाने उरलेलं आयुष्य इस्पितळाच्या खाटेवर का काढावं, हा त्यांचा प्रश्न. उत्तर म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र घर, स्वतःचं दार आणि दारापासून दुकानापर्यंत चाकाची खुर्ची सरळ जाईल असा रस्ता मिळाला. पैसा करुणेपोटी आला, पण आराखडा स्वातंत्र्याचा होता. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी झेप होती, असं मी मानतो.

तरी ते गाव वेगळंच राहिलं. सत्तरच्या दशकात आक्षेप पुढे आला, की अपंगांचं गाव वसवलं म्हणजे बाकीच्या गावांना बदलायची गरजच उरत नाही. त्याच दशकात स्वीडनमधली ‘फोकस’ची कल्पना नेदरलँड्समध्ये रुजली. साध्या वस्तीतच काही घरं व्हीलचेअरला सोयीची बांधायची आणि जवळच मदतनीसांची खोली ठेवायची. बोलावलं की दिवसा-रात्री माणूस येतो आणि राहणारा सांगेल ते, सांगेल तसं करतो. मानेखालचं शरीर हलत नसलं, तरी आज किती वाजता उठायचं हे त्याचं तोच ठरवतो. कुठलंही नवं यंत्र न लावता स्वातंत्र्य इतकं पुढे सरकलं.

यंत्रंही आलीच. हात थोडेफार चालतात अशांसाठी १९९५पासून ‘कांटा’ ही चिमुकली गाडी मिळू लागली. वायेनबर्ग कंपनीने डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाबरोबर ती घडवली. रुंदी जेमतेम १.१० मीटर, त्यामुळे सायकलच्या वाटेवरूनही ती जाते. तिच्या एका प्रकारात तर खुर्चीसकट आत शिरून गाडी चालवता येते. पण तिचं निम्मं श्रेय त्या सायकलवाटांना द्यायला हवं. त्या नसत्या, तर गाडी अंगणातच उभी राहिली असती.

आता विचार मेंदूपर्यंत पोचला आहे. २०१५मध्ये उट्रेख्टच्या विद्यापीठ रुग्णालयात निक राम्से यांच्या गटाने एका स्त्रीच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युतपट्ट्या बसवल्या. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारामुळे तिला हलता-बोलता येत नव्हतं. हात हलवायचा नुसता विचार केला, की संगणकावर ‘क्लिक’ होई. मिनिटाला जेमतेम दोन अक्षरं. तिच्याकडे डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं साधन आधीपासून होतं, पण बाहेरच्या उजेडात ते नीट चालत नसे. नवं साधन उघड्यावरही चाले. म्हणजे घराबाहेर पडल्यावरही तिचं म्हणणं तिला मांडता येऊ लागलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी एका डच माणसाच्या मेंदूचा इजेखालच्या मज्जारज्जूशी बिनतारी दुवा जोडला, आणि सायकल अपघातात पाय लुळे पडलेला तो माणूस पुन्हा चालला, हे २०२३मध्ये जाहीर झालं. बातमी जगभर गाजली आणि गाजायलाच हवी होती. मला मात्र उट्रेख्टचं ते संथ क्लिक जास्त मोलाचं वाटतं. तिची हालचाल परत आली नाही, शब्द परत आले.

आपल्याकडे नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ १९८४मध्ये उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मचरित्र अनेकांनी वाचलं आहे. संस्था आपल्याकडे घडल्या. खुर्ची बाहेर काढायला वाट मात्र घडली नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत केव्हाच सरली. मेंदूतल्या विद्युतपट्ट्या इथे येतील तेव्हा येतील. उतार, रुंद दार आणि सलग पदपथ यांना कुठल्याही संशोधनाची वाट पाहावी लागत नाही. मत मागायला येणाऱ्याला तेवढं तरी विचारा.