सरकारी पडद्यावरचा देव

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागरांचं ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झालं. पुढे दीड वर्ष, रविवारी सकाळी, कितीतरी घरांत टीव्हीच्या संचाला हार घातला जाई, उदबत्ती लागे आणि माणसं आंघोळ उरकूनच समोर बसत.

ही पूजा खरी मानायची का?

शास्त्राच्या लेखी प्राणप्रतिष्ठेवाचून मूर्ती ही नुसती वस्तू. इथे ना मंत्र, ना पुजारी. भाग संपला की राम अदृश्य. पण मातीचा पार्थिव गणपतीही ठरल्या दिवशी पाण्यात विरतोच. तेवढ्यानं भक्ती खोटी ठरत नाही.

खरी अडचण निराळी. १९५९मध्ये दिल्लीत सुरू झालेलं दूरदर्शन १९७६मध्ये आकाशवाणीपासून वेगळं झालं, तरी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच हाताखाली राहिलं. प्रसार भारती ही स्वायत्त संस्था आली ती १९९७मध्ये. रामकथेच्या असंख्य परंपरांपैकी कोणती देशभर दिसावी, हे त्यामुळे सरकारी मंजुरीवर ठरलं. कीर्तनकाराला श्रोता गाठून शंका विचारू शकतो, पडद्याला नाही. म्हणूनच त्याच सरकारी पडद्यावर १९८८मध्ये सुरू झालेल्या ‘महाभारत’चं उदाहरण मोलाचं वाटतं. त्यातल्या श्रीकृष्णाच्या तोंडचे संवाद राही मासूम रझा या मुस्लीम लेखकानं लिहिले होते, आणि भाविकांनी ते मनापासून ऐकले.