काट्याची साक्ष

सहा महिने रोज सकाळी पाऊण तास चालायचं, भात अर्ध्यावर आणायचा, साखर सोडायची, रात्रीचं जेवण आठच्या आत उरकायचं, आणि महिनाअखेर काट्यावर उभं राहिलं की आकडा तोच. असा अनुभव कितीतरी घरांत आहे. त्यातलं खरं दुःख किलोंचं नसतं, त्या आकड्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचं असतं. "खरंच नेमाने करत असशील तर उतरायलाच हवं," असं घरचे म्हणतात, कधी डॉक्टर म्हणतात, आणि काही दिवसांनी माणूस स्वतःच स्वतःला तसं म्हणू लागतो. फळ दिसलं नाही, त्या अर्थी कर्म झालंच नाही, असा हा न्याय आहे. वरवर तो शरीराविषयी वाटतो, पण निवाडा देतो चारित्र्याचा. कर्माचं आणि फळाचं नातं काय, या आपल्याकडच्या फार जुन्या प्रश्नाचं एक उत्तर त्यात न बोलता गृहीत धरलेलं आहे, आणि ते उत्तर चुकीचं आहे. वजनाचा काटा माणसाच्या संयमाची साक्ष देऊ शकत नाही. ते त्याचं कामच नव्हे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सांख्यांचा हवाला देऊन कर्माच्या सिद्धीची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म घडतं तो देह. चेष्टांचा अर्थ शंकराचार्यांनी प्राण-अपानादी वायूंचे व्यापार असा केला आहे, म्हणजे आपण ठरवून करत नाही असे देहातले उद्योग. या पाचांत कर्ता फक्त एक. आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं तिथेच पुढे म्हटलं आहे. त्या विवेचनाचा रोख आत्म्याच्या अकर्तेपणावर आहे, आहार-व्यायामावर नाही, हे मान्य. तरीही कारणांची ती मांडणी कुठल्याही कर्माला लागू पडावी म्हणूनच केलेली आहे. आपण मात्र जाड माणसाविषयी बोलताना पाचांतली चार कारणं पुसून टाकतो आणि सगळा भार एकट्या कर्त्याच्या डोक्यावर ठेवतो. मराठीत तर 'चेष्टा' या शब्दाचा रूढ अर्थच थट्टा असा होऊन बसला. जाड मुलाच्या वाट्याला तो अर्थ शाळेच्या पहिल्या वर्गापासून येतो, आणि ही गोष्ट मला अतिशय क्लेशदायक वाटते.

अधिष्ठानाचं पाहू. १९८६ साली डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची अंगलट जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती. ज्यांच्या घरी जेवून ती माणसं वाढली त्यांच्याशी तिचा संबंध आढळला नाही. १९९० साली कॅनडातले संशोधक क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना १०० दिवसांच्या मुदतीत ८४ दिवस गरजेपेक्षा रोज १००० उष्मांक जास्त खायला दिले. सगळ्यांना जादा अन्न सारखंच. तरी कुणाचं वजन ४.३ किलोंनी वाढलं, कुणाचं १३.३ किलोंनी, आणि एका जोडीतल्या दोन भावांची वाढ मात्र बरीचशी एकसारखी होती. म्हणजे त्याच घासाचं प्रत्येक देह वेगळं काहीतरी करतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात स्थौल्याची कारणं दिली आहेत. त्यांत अतिआहार आहे, दिवसाची झोप आहे, व्यायामाचा अभाव आहे, आणि त्याच रांगेत बीजस्वभाव, म्हणजे आईवडिलांच्या बीजातून येणारी प्रकृतीही आहे. जुन्या वैद्याला जे दिसत होतं ते आपल्या बोलण्यातून का गळालं, हे मला उमगत नाही.

देह नुसता आधार म्हणून गप्प बसत नाही, तो उलटून वागतो. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो वजन घटवलं होतं. त्यातलं सरासरी ४१ किलो परत आलं होतं. पण खरा धक्का पुढे आहे. त्या आकाराच्या शरीराने स्वस्थ बसून जेवढी ऊर्जा खर्चायला हवी, त्यापेक्षा त्यांची शरीरं सहा वर्षांनीसुद्धा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्चत होती. दुष्काळात होरपळलेला शेतकरी पुढे पाऊस चांगला झाला तरी कणगीतलं धान्य जपून काढतो, तसं हे. व्यायामाचंही तेच. टांझानियातले हाडझा लोक शिकार आणि कंदमुळं यांवर जगतात, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चालतात. तरी देहाचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च शहरी अमेरिकनांइतकाच भरला, असं हर्मन पाँझर यांनी २०१२ साली दाखवलं. चालण्यात गेलेली ऊर्जा देह दुसरीकडे कुठेतरी वाचवतो. भुकेची कथा चरकाने सांगितलीच आहे: मेदाने वाटा अडल्या की वायू कोठ्यात कोंडतो, अग्नी चेतवतो, अन्न झटपट जिरतं आणि पुन्हा भूक लागते. हे शरीरशास्त्र आजचं नाही, पण निरीक्षण अचूक आहे. भूक ही इथे दुर्गुण म्हणून आलेली नाही, परिणाम म्हणून आलेली आहे. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाची मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. ६८ आठवड्यांनी औषधाच्या गटाचं वजन सुमारे १५ टक्के उतरलं, नुसत्या सल्ल्याच्या गटाचं अडीच टक्केही नाही. आठवड्यातून एकदा टोचलेल्या सुईने माणूस अधिक सदाचारी झाला, असं कुणी म्हणणार आहे का? औषधाने भूक बदलली, शील नव्हे. मग आधीची भूक तरी शीलाचा पुरावा कशी?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम तर आपल्या दारचं. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत जन्मणारी बाळं सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास भरतात, इंग्लंडमधली साडेतीनच्या. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली निघाली. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रं शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काट्याला दोघं सारखेच दिसले. ज्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक सांगता येत नाही, त्याला संयम आणि असंयम यांतला फरक सांगता येईल, हे कसं मानायचं?

आता सगळ्यांत जड आक्षेप. माणसं स्वतःला फसवतात, असं म्हणतात, आणि त्याला आधार आहे. १९९२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या दहा जणांची मोजदाद केली गेली. त्यांच्या चयापचयात दोष निघाला नाही. ती माणसं जेवढं खात होती त्याच्या जवळपास निम्मंच सांगत होती, आणि हालचाल मात्र दीडपट. हा पुरावा बाजूला सारणं अप्रामाणिक होईल. पण त्यातून सिद्ध काय होतं? कांदा चिरून ठेवलेला आहे, कढई तापली आहे, आणि फोडणीसाठी तेल थेट बुधलीतून सोडलं जातं. धार एक क्षण लांबली तर एक मोठा चमचा तेल जास्त पडतं. त्यात सुमारे १२० उष्मांक असतात, म्हणजे साधारण अर्ध्या तासाचं चालणं. ताटात वाढलेल्या भाजीकडे पाहून तो चमचा कुणाला दिसत नाही. अर्धीच पोळी खाल्ली हे डोळ्यांना दिसतं आणि तेच लक्षात राहतं. ही चूक ज्ञानाची आहे, सत्याची नव्हे. मोजायला शिकलं की ती सुधारते आणि ती सुधारायलाच हवी. तिला खोटेपणा म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या घरातलं महिन्याचं तेल मोजावं, कारण सडपातळ माणसांचे अंदाजही चुकतात, फक्त त्यांना जाब विचारला जात नाही. शिवाय ज्याचा अंदाज चुकतो त्याचा आकडा हलत नाही आणि ज्याचा देह अडून बसतो त्याचाही हलत नाही. दोघांतला कोण कोणता, हे काट्यावरून ठरत नाही, म्हणजे मूळ मुद्दा जागेवरच राहतो.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेच्या आतून येतो. देह प्रारब्धाने मिळतो, मग असा देह हे पूर्वकर्माचंच फळ नव्हे का? समजा, मानलं. पण मागच्या जन्मीचा जमाखर्च शेजाऱ्याला कसा वाचता येणार? प्रारब्ध हा स्वतःच्या वाट्याचं सोसण्यासाठी दिलेला विचार आहे. दुसऱ्याच्या देहावर लावायची चिठ्ठी म्हणून तो वापरला की धर्मातली करुणा संपते. आणि सगळंच प्रारब्ध म्हणून हातपाय गाळून बसण्यालाही परंपरेची संमती नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य नियत की अनियत हा प्रश्न थेट घेतला आहे. सगळंच आधी ठरलेलं असतं तर औषधोपचाराला अर्थच उरला नसता, म्हणून दैव आणि पुरुषकार (माणसाचा प्रयत्न) दोन्हींचं बळ मोजावं लागतं, असं त्याचं उत्तर आहे.

मग उरतो तो रोजच्या चालण्याचा प्रश्न. वजन उतरण्यासाठीच जो घराबाहेर पडतो त्याला फळाची आशा सोड म्हणणं म्हणजे शब्दांची कसरत नव्हे का? लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांना एक पूर्ण प्रकरण दिलं, ते या गाठीच्या जवळच्याच प्रश्नासाठी. हेतू ठेवणं निराळं आणि फळावर हक्क सांगणं निराळं. शेतकरी पिकासाठीच पेरतो. पाऊस दगा देतो तेव्हा तो पेरणी खोटी ठरवत नाही. व्यायामाच्या बाबतीत तर पीक दुसऱ्याच शेतात उभं राहिलेलं असतं. आकडा तोच असला तरी रक्तदाब उतरतो, रक्तातली साखर आटोक्यात येते, झोप लागते, जिना चढताना लागणारा दम कमी होतो. हे सगळं खरं फळ आहे, आणि काटा त्यातलं काहीच दाखवत नाही. गीतेने सहाव्या अध्यायात आहार-विहार युक्त असावा म्हटलं, तिथे दुःख हरण्याची गोष्ट आहे, कृश होण्याची नाही. सतराव्यात तर देहाला छळणाऱ्या घोर तपाचा सरळ धिक्कार आहे. आकडा हलत नाही म्हणून उपाशी राहू लागलेल्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी हा अध्याय जरूर पुन्हा वाचावा.

थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, चालू असलेल्या औषधांनी वजन वाढतं का ते डॉक्टरांना विचारा, आठवडाभर फोडणीचं तेल चमच्याने मोजा. एवढं करूनही आकडा तोच राहिला, तरी उद्या सकाळी चालायला जा. आणि घरात असं कुणी रोज नेमाने चालायला जात असेल, तर परत आल्यावर त्यांना वजन विचारू नका.