विद्येचा अधिकार आणि अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

एखादे कर्म करण्याचा किंवा एखादी विद्या शिकण्याचा अधिकार कोणाला, हा भारतीय तत्त्वचिंतनातला फार जुना प्रश्न. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय याच प्रश्नाला वाहिलेला आहे. या परंपरेत अधिकारासाठी तीन गोष्टी लागतात : फळाची इच्छा म्हणजे अर्थित्व, कर्म तडीस नेण्याची क्षमता म्हणजे सामर्थ्य, आणि शास्त्राने मनाई केलेली नसणे. सामर्थ्यात शरीर, द्रव्य आणि विद्या या तिन्हींचा समावेश होतो. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलींचे महाविद्यालयीन जीवन आणि त्यांच्या अभ्यासाच्या सवयी यांचा विचार या तीन कसोट्या लावून केला, तर मनाई उठली की अधिकार मिळाला हा समज कितपत टिकतो, ते पाहता येते.

स्त्रीला यज्ञाचा अधिकार आहे का, हा वाद जैमिनीने तपशिलाने मांडला आहे. स्वर्गाची इच्छा करणाऱ्याने यज्ञ करावा, हे विधान पुल्लिंगी आहे, म्हणून तो अधिकार पुरुषाचाच, असे ऐतिशायन या आचार्याचे मत. बादरायण या दुसऱ्या आचार्याने ते खोडले. इच्छा स्त्रीलाही असते आणि विधान सर्वांना उद्देशून आहे, असे त्याचे म्हणणे. सिद्धांत बादरायणाच्या बाजूने लागला. मात्र पत्नीचा अधिकार पतीसोबतचा ठरला आणि तिच्या वाट्याला शास्त्राने नेमून दिलेली मोजकीच कामे आली. दर्शपूर्णमास यागात तुपाकडे पाहणे हे त्यांपैकी एक. कारण असे दिले गेले की ती पतीच्या बरोबरीची नाही, कारण तिला विद्या नाही.

हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. अध्ययनाची मुभा नाही म्हणून विद्या नाही, आणि विद्या नाही म्हणून अधिकार नाही. त्याच अध्यायात मीमांसकांनी निर्धनाबद्दल वेगळा न्याय लावला आहे. धन कमावता येते, म्हणून धन नसणे हे अधिकार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. भरून निघणारी उणीव ही अपात्रता नव्हे. विद्याही कमावता येतेच. तरीही हे तत्त्व स्त्रीच्या बाबतीत शेवटपर्यंत नेले गेले नाही. बृहदारण्यकोपनिषदात विदुषी कन्या व्हावी म्हणून करायचा विधी सांगितला आहे. त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी मुलीचे पांडित्य म्हणजे घरकामातले कौशल्य असा अर्थ लावला, कारण तिला वेदाचा अधिकार नाही. मूळ वचनात ही मर्यादा नाही. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला प्रश्न विचारणारी गार्गी त्याच उपनिषदातली, आणि ब्रह्मवादिनींच्या उपनयनाचा उल्लेख हारीताच्या स्मृतीत आहे.

मनाईची भिंत पडली ती आधुनिक काळात. पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. अभियांत्रिकीचे दार त्यानंतरही बराच काळ बंद होते. मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात ए. ललिता यांना प्रवेश मिळाला, तेव्हा त्या विधवा होत्या आणि पदरी लहान मुलगी होती. त्यांचे वडील पप्पू सुब्बाराव तिथेच विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. ललिता १९४३ मध्ये पदवीधर झाल्या. छापील प्रमाणपत्रावरचा पुल्लिंगी उल्लेख खोडून तिथे हाताने स्त्रीलिंगी शब्द लिहावा लागला, असे सांगतात. पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युतवाहिन्यांच्या कामात त्यांचा सहभाग होता. पुण्यात कर्वे यांच्याच संस्थेने १९९१ साली मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या. महाराष्ट्रात ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. मीमांसेच्या भाषेत बोलायचे, तर मनाई उठली आणि द्रव्याची उणीव भरून काढण्याची सोय झाली. अर्थित्व तर प्रवेशपरीक्षेच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक मुलीकडे आहेच.

उरते ते सामर्थ्य, आणि ते रोजच्या दिनक्रमात ठरते. पहिल्या वर्षाच्या कार्यशाळेत फिटिंगचे काम असते. व्हाइसमध्ये पोलादी पट्टी आवळायची, कानशीने कड घासायची, गुण्या लावून पट्टी उजेडासमोर धरायची. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. हे कौशल्य हातात उतरते ते वारंवार केल्यानेच. पण चार-पाच जणांच्या गटात यंत्र मुलांच्या हाती आणि जर्नल मुलीच्या हाती, अशी वाटणी अनेकदा आपसूक होते. मुलीचे अक्षर चांगले, नोंदी नीट, म्हणून रीडिंग लिहायचे काम तिच्याकडे येते. प्रात्यक्षिकाला ती हजर असते, तिच्याशिवाय जर्नल पुरे होत नाही, तरी लेथचे चाक तिच्या हातून फिरत नाही. तुपाकडे पाहणाऱ्या यजमानपत्नीपेक्षा तिचे स्थान तत्त्वतः फारसे वेगळे नसते.

वेळेचेही तसेच. अभियांत्रिकीतला पुष्कळ अभ्यास वर्गाबाहेर होतो : संध्याकाळनंतर उघडी असलेली संगणक प्रयोगशाळा, ग्रंथालयातली वाचनखोली, रात्री उशिरापर्यंत चालणारे प्रकल्पाचे काम, स्पर्धेसाठी गाडी किंवा रोबो बांधणारा चमू. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक लवकर बंद झाले की हे सारे हातचे जाते. दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘पिंजरा तोड’ मोहिमेने नेमका हाच मुद्दा लावून धरला होता. सुरक्षिततेची काळजी खरी असते. पण तिची किंमत फक्त मुलीच्या अभ्यासातून वसूल होत असेल, तर त्याला न्याय म्हणता येत नाही. घरून ये-जा करणाऱ्या मुलीच्या वेळेतून प्रवास आणि घरकाम वजा होते, ते निराळेच.

सवयींचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. मुली नियमित अभ्यास करतात, त्यांच्या नोट्स परीक्षेच्या आदल्या रात्री साऱ्या वसतिगृहात फिरतात, असे कौतुक सर्रास होते. नियमितपणा हा गुणच आहे. पण याज्ञवल्क्याने आपल्या पत्नीला, मैत्रेयीला, आत्मज्ञानाचा जो मार्ग सांगितला, त्यात श्रवण ही पहिलीच पायरी आहे. त्यापुढे मनन आणि निदिध्यासन येतात. तो उपदेश आत्म्याविषयीचा असला, तरी कुठल्याही शास्त्राच्या अभ्यासाला हा क्रम लागू पडतो. उतरवून घेतलेली टिपणे आणि पाठ केलेली सोडवलेली उदाहरणे श्रवणापाशीच थांबतात. हे सूत्र इथेच का लागू होते, भार दुप्पट केला तर काय होईल, असे प्रश्न पडले की मनन सुरू होते. ड्रॉइंगच्या सबमिशनला काचेवर दुसऱ्याची शीट ठेवून खालून दिवा लावायचा आणि वर ठेवलेल्या आपल्या कागदावर रेघा गिरवायच्या, या ‘जीटी’च्या म्हणजे ग्लास ट्रेसिंगच्या प्रथेत तर श्रवणही नसते. मुलगे ती जितक्या सहजपणे करतात, तितक्याच सहजपणे मुलीही करतात. शीट तपासली जाते, गुण मिळतात. वस्तूचा छेद डोळ्यांपुढे उभा करण्याची क्षमता मात्र येत नाही.

मुलीच्या बाबतीत मननाला आणखी एक अडथळा असतो. वर्गात चुकीचा प्रश्न विचारला, तर मुलाची चूक त्याच्या एकट्याची ठरते. मुलीची चूक सगळ्या मुलींच्या कुवतीचा पुरावा समजली जाते. अशा ठिकाणी गप्प राहून नीटनेटके लिहिणे सुरक्षित वाटते, आणि हा गप्पपणा स्वभाव म्हणून खपवला जातो. विद्या नाही म्हणून अधिकार नाही, या जुन्या युक्तिवादाचे हे नवे रूप : तिला यंत्राची सवय नाही म्हणून यंत्र तिच्या हाती द्यायचे नाही.

मीमांसकांचा न्याय त्यांच्याच शब्दांना जागून लावला, तर उत्तर स्पष्ट आहे. भरून निघणारी उणीव अपात्रता ठरत नाही. ती भरून काढण्याची संधी मात्र खरी असावी लागते. संस्थेने गटातली कामे आळीपाळीने वाटावीत, प्रयोगशाळा आणि वाचनखोली मुलींना मुलांइतकाच वेळ खुली ठेवावी, तोंडी परीक्षेत पाठांतराऐवजी कारणे विचारावीत. विद्यार्थिनीने जर्नल दुसऱ्याच्या हाती देऊन कानस उचलावी आणि पडलेला प्रश्न वर्गातच विचारावा. प्रवेशपत्राने केवळ मनाई संपते. विद्येचा अधिकार हाताने काम करून आणि प्रश्न विचारूनच पुरा होतो.